घरात तेलुगू बोलता ना, मग असंच होणार!

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकटा दुसरीत होता. पालकसभेला गेले, मॅडमनी वही समोर टाकली, लाल पेनाने भरलेली, आणि म्हणाल्या तुमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांचं असंच असतं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्लिश, पोरगं गोंधळणारच. घरात फक्त इंग्लिश बोला. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, चार शाळेत हेच ऐकायला मिळतं.

आणि आम्ही खरंच बोललो की हो! मी बारावी मराठी मिडियम, नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना, आमचं इंग्लिश ते काय असणार. पण आठ महिने 'कम हिअर, सिट हिअर, ईट फास्ट' चालू. सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या अव्वाने (म्हणजे त्याच्या आजीने) त्याच्याशी बोलणंच कमी केलं, तिला तेलुगूशिवाय काही येत नाही. रात्री गोष्ट सांगायची ती बंद. आणि वाचन? होतं तिथंच.

मग नणंदेच्या ओळखीने, पोरांना शिकताना कुठं अडतं ते तपासणाऱ्या एका ताईंकडे टेस्टला नेलं. त्यांनी आधी विचारलं की घरात कुठली भाषा, आणि मग त्याला तेलुगूतच विचारलं, 'पलक' मधला 'प' काढला तर काय राहतं? (पलक म्हणजे पाटी.) पोरगा गप्प. मराठीत 'कमळ' मधला 'क' काढ. गप्प. पुस्तक नाही, अक्षर नाही, नुसतं तोंडी. ताई म्हणाल्या भाषेचा प्रॉब्लेम असता तर तेलुगूत पटकन सांगितलं असतं, ज्याला शब्द फोडून त्यातले आवाज वेगळे करता येत नाहीत त्याला तिन्ही भाषेत अडणार. डिस्लेक्सिया, म्हणजे डोकं चांगलं असून वाचता-लिहिताना अडणं. आयक्यू एकदम व्यवस्थित. गंमत बघा, हाच पोरगा झोपेतनं उठून सांगतो की कुठला माग बंद पडला, नुसत्या आवाजावरनं. पण शब्दातला आवाज काही सापडत नाही.

याच्या उलट शेजारची पोरगी. 'माझी आंबा', 'ती आला' असं बोलायची म्हणून तिला ढ ठरवून मोकळे झाले, मागच्या बाकावर बसवलं. तिला काहीही नव्हतं. तेलुगूत आंब्याला 'तो' आणि चिंचेला 'ती' असली भानगडच नाही, मग पोरगी कुठनं शिकणार? दोन वर्षांत आपोआप सुधारली, आता मलाच शुद्धलेखन शिकवते.

म्हणजे ज्याला खरी मदत पाहिजे त्याला 'भाषा' म्हणून सोडलं आणि जिला फक्त वेळ पाहिजे होता तिला ढ केलं. दोन्ही एकाच वर्गात.

ही काय आजची गोष्ट नाही. 1896 साली इंग्लंडमध्ये मॉर्गन नावाच्या डॉक्टरने पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहून ठेवलंय, मुलगा हुशार पण स्वतःचं नाव उलटसुलट लिहायचा. आमचे महाशय अजून 'घर'चं 'धर' करतात.

आता नातेवाईक म्हणतात पुण्याला स्पेशल शाळेत घाला. अशा शाळा वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, काही पोरांना तशीच शाळा लागते, लहान वर्ग लागतो. पण माझ्या पोराला वेगळी बिल्डिंग नाही, वेगळी शिकवायची पद्धत पाहिजे. आठवड्यातनं दोनदा पाऊण तास रेमेडियल (म्हणजे जे अडतं ते वेगळ्या पद्धतीने शिकवणं), ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना तोंडाने आवाज म्हणायचा, एका वेळी एकच अक्षर, ते पक्कं झालं की पुढचं. याला काय लाखोंचा खर्च आहे का? शाळेत रोबोटिक्सची लॅब आहे, एक रेमेडियल टीचर नाही!

बाकी कागदपत्रांचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात हे पण येतं. सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलमधनं मिळतं, आठ वर्षं झाल्यावर. त्याच्यावर बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक घेता येतो. सासरे आधी 'दिव्यांग' शब्दालाच बिचकले, उद्या लग्नाला अडचण येईल म्हणाले, नऊ वर्षांच्या पोराच्या! मी अर्ज केलाय.

अव्वाची गोष्ट परत चालू झाली आहे. सध्या ती गोष्टीतला एक शब्द घेते आणि त्याचं पहिलं अक्षर खाऊन टाकते, हा ओळखतो, चुकला की दोघं खिदळतात. ताईंनीच शिकवलंय तिला.

तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारी रेमेडियल टीचर अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल कुठंही असेल तर कमेंटमध्ये सांगा. चार-पाच पोरं जमवू, जागा आमच्या घरात वरच्या मजल्यावर आहे. रविवारी माग बंद असतात, आवाज पण नसतो.