दुर्बीण परत कोण आणून देणार?

माझ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदा एका ठरावावर तासभर वाद झाला आणि तो ठराव माझ्यामुळे आलेला असल्याने त्या वादाचा वृत्तान्त एका वर्गमित्राने मला सविस्तर, काहीसा चवीने, कळवला. ठराव साधा होता. परदेशी स्थायिक झालेल्या एका जुन्या सभासदाने देऊ केलेल्या देणगीतून चार दुर्बिणी आणि पक्ष्यांची ओळख करून देणारी काही पुस्तके घ्यावीत आणि त्यांचे संच सभासदांना पुस्तकांप्रमाणेच घरी न्यायला द्यावेत, एवढेच त्यात म्हटले होते. एकाने वाचनालय पुस्तकांसाठी असते याची आठवण करून दिली, दुसऱ्याने हे अमेरिकेतले खूळ आहे असे सांगितले, आणि शेवटी कार्यवाहांनी विचारले, “दुर्बीण परत कोण आणून देणार?” त्यावर सभागृहात हशा पिकला आणि ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

तो हशा मला चांगलाच झोंबला.

ओहायोत, एरी सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर ज्या गावात मी एकवीस वर्षे राहतो, तिथल्या वाचनालयात असा संच केकच्या साच्यांच्या आणि टेलिस्कोपच्या शेजारी ठेवलेला असतो. मी तो प्रथम नेला तो फेब्रुवारीत, टॅक्सचे फॉर्म आणायला गेलो असताना, आणि खरे सांगायचे तर केवळ कुतूहलापोटी. पाठीवरच्या पिशवीत ८×४२ ची दुर्बीण, या भागातल्या पक्ष्यांचे घडीचे चित्रपत्रक, एक पुस्तक आणि पेन्सिल होती. मुदत तीन आठवड्यांची. पहिले दोन दिवस मला फांद्यांखेरीज काही दिसले नाही. मग देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी दुर्बीण कशी धरायची ते दाखवले, आणि तेवढे शिक्षण आजवर पुरले आहे. आधी दोन्ही नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायचे. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करायचे. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक कायमचा मिटतो आणि पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कडे आत दाबलेले ठेवायचे. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण नजरेच्या रेषेत वर आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधत बसायचे नाही. आठ हा आकडा किती पटींनी मोठे दिसते तो, आणि बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवख्याने दहा किंवा बारा पटींच्या मागे लागू नये, कारण हात जेवढा थरथरतो तेवढेच चित्रही मोठे होऊन थरथरते.

पाचव्या दिवशी मी पहिला पक्षी खात्रीने ओळखला. ती चिमणी होती. पत्रकात तिच्या नावापुढे ती या खंडातली मूळ रहिवासी नसल्याचे नोंदले होते. १८५१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडलेली. इथले पक्षिमित्र तिला फारसे चांगले म्हणत नाहीत, कारण ती ब्लूबर्डची घरटी बळकावते. मी ते वाचले आणि पान उलटले.

आता ‘अमेरिकेतले खूळ’ या मुद्द्याकडे वळतो. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले, आणि त्यात पक्ष्याचा आकार सांगायची रीत अशी की चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, आणि त्याहून थोडा मोठा वा लहान. ही रीत मी ओहायोत वापरतो. रंग उन्हात फसवतो, आकार फारसा फसवत नाही. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांच्या नावांचा कोश सिद्ध केला, आणि त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या वाढदिवसापर्यंत महाराष्ट्र सरकार पक्षी सप्ताह पाळते. राहिला ‘वाचनालय पुस्तकांसाठी’ हा मुद्दा. ग्रंथपालांचा दिवस आपण ज्यांच्या जन्मदिनी साजरा करतो त्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते. पक्ष्यांचे पुस्तक कपाटात बंद ठेवून त्याचा उपयोग कसा होणार, हे सभेत कोणी विचारले नाही.

वर्गमित्राने हे सारे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न केला: तुमच्याकडे वाचनालयाला पैसे कोण देते? मी उत्तर टाळले, पण इथे टाळत नाही. दर काही वर्षांनी मतपत्रिकेवर लेव्ही, म्हणजे वाचनालयासाठीचा जादा कर, मंजुरीला येते आणि आम्ही मालमत्ता करातून ती भरतो. शेजारच्या कर्नाटकात ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही, आणि आमचे वाचनालय सरकारी अनुदान व सभासदांची वर्गणी यांवर कसेबसे चालते. ग्रंथपालाला जे मानधन मिळते त्यात घर चालत नाही. अशा ठिकाणी दुर्बिणीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न हास्यास्पद नव्हता. मी तो तसा ठरवला, कारण मला तेच सोयीचे होते.

दुसरे एक टाळलेले सांगून टाकतो. गेल्या खेपेस आईच्या अंगणात तारेवर एक काळा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा पक्षी बसला होता. मी फोनवर मर्लिन हे पक्षी ओळखून देणारे अ‍ॅप उघडले. त्याने ब्लॅक ड्राँगो असे नाव दिले, आणि मी ते आईला ऐटीत सांगितले. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “कोतवाल आहे तो. रोज असतो.” मला चिकॅडीची हाक ओळखता येते, मे महिन्यात मॅगी मार्श या इथल्या पाणथळीतल्या लाकडी पायवाटेवर वॉर्बलर वेगवेगळे सांगता येतात, आणि तांबटाचा टुक-टुक आवाज लहानपणी रोज ऐकूनही तो पक्षी मी कधी पाहिलेला नाही. पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी मी ज्यात ठेवतो त्या ई-बर्डमध्ये पक्ष्यांची नावे मराठीत दिसण्याची सोय आहे. ती मी त्या रात्री सुरू केली. त्याआधी कधी गरज वाटली नव्हती.

आणि कार्यवाहांचा प्रश्न. माझ्या इथल्या पुस्तकांच्या फळीवर, डाव्या टोकाला, एक प्रवासवर्णन आहे, ज्याच्या सतराव्या पानावर आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का आहे. मागच्या तारीखपट्टीवरची शेवटची तारीख १४ मे १९९६ आहे. माझी वीस रुपयांची अनामत केव्हाच जप्त झाली असेल. त्या काळी देवघेवीच्या टेबलावर आजचेच कार्यवाह बसत, आणि सभासदांची नावे त्यांना वही न उघडता पाठ असत. ठराव कोणामुळे आला हे त्यांना ठाऊक होते. त्या सभेत ते नेमके कोणाला विचारत होते, याचा मी तीन आठवडे विचार करतो आहे, आणि त्यांना अजून पत्र लिहिलेले नाही.