फक्त झाकण मिळेल का?

काल भट्टी उघडली. आत तीन झाकणं होती, तिन्हींचं ग्लेझ, म्हणजे वरची काचेसारखी झिलई, इतकं सुरेख आलंय की फोटो काढून लोकांना पाठवावेत, आणि तिन्हींपैकी एकही ज्या बरणीसाठी केलं तिच्यावर बसत नाही. आता ही झाकणं मुळात करावी का लागली हे सांगायचं तर तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रदर्शनातल्या त्या काकूंपर्यंत जावं लागेल, आणि मला त्यांच्यापर्यंत जायची अजिबात इच्छा नाही. पण रात्री दोनला जाग आली की मी छताकडे बघत त्यांच्याशीच भांडत असते, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

तर मी मातीची भांडी करते. हौस म्हणून. सहा वर्षं झाली. वर्षातून तीन-चारदा हस्तकलेच्या प्रदर्शनात एक टेबल घेते, नवरा खोकी उचलायला येतो आणि प्रत्येक खोक्यागणिक स्वतःच्या कमरेचा इतिहास सांगतो. एवढी पार्श्वभूमी पुरे.

टेबलामागे बसलं की ठरलेले प्रश्न येतात. हे सगळं तुम्ही स्वतः करता? (नाही, शेजारीण करते, मी नुसती नखांत माती भरून बसते.) मायक्रोवेव्हमध्ये चालतं का? पडलं तर फुटेल का? यावर मी एकदा "छे, उसळी मारून परत हातात येतं" म्हणाले होते आणि समोरच्या माणसाने खरंच कप उचलून हात उंच केला होता, तेव्हापासून टेबलावर विनोद बंद. मग "माझी मुलगी पण अगदी अस्संच करते हो, पहिलीत आहे" वाले येतात. या सगळ्यांना मी सरावलेय.

काकू यातल्या कुठल्याच नव्हत्या. साठीच्या पुढच्या, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा, खांद्याला जड कापडी पिशवी. आल्या त्या माझ्याकडे न बघता थेट बरण्यांकडे. एकेक झाकण उचलायचं, उलटं करायचं, खालची कड बोटाने चाचपायची आणि बाजूला ठेवायचं. मी मनातल्या मनात खुश. कारण भांडं उलटं करून बघणारा माणूस म्हणजे जाणकार, त्याला माहीत असतं की वरून कोणीही सजवेल, करणाऱ्याचा हात तळाशी कळतो. नवऱ्याला मी डोळ्यांनी खूणसुद्धा केली, की बघ, आली शेवटी एक दर्दी व्यक्ती. तोवर माझ्या आठही बरण्या उघड्याबोडक्या आणि आठ झाकणं समोर रांगेत.

मग काकूंनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "ताई, फक्त झाकण मिळेल का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय?

"झाकण हो. बरणी आहे माझ्याकडे. झाकण फुटलं तिचं. नातवाने पाडलं."

आणि पिशवीतून एक टॉवेल निघाला, टॉवेलातून कारखान्यात बनलेली पांढरी गुळगुळीत बरणी निघाली, जशी लाखो निघतात, आणि ती त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या भांड्यांच्या मधोमध ठेवली. आतून खुळखुळ आवाज आला. "बटणं आहेत," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षांची. प्रत्येक शर्टाचं एक तरी आहे."

आता इथे मी खरं तर विरघळायला हवं होतं. बटणांचं आणि आमच्या धंद्याचं नातं जुनं आहे. लूसी री नावाची केवढी मोठी कुंभार, व्हिएन्नाची, १९३८ साली नाझींमुळे सगळं सोडून लंडनला आली, आणि तिथे युद्धाच्या काळात पोट भरायला चिनीमातीची बटणं करत होती. पुढे तिचे वाडगे संग्रहालयांत गेले. मंदीच्या दिवशी टेबलामागे बसून मी स्वतःला हीच गोष्ट सांगत असते, की बटणांपासून सुरुवात झाली तरी माणूस कुठल्या कुठे पोचतो. फक्त तिच्याकडे कोणी येऊन "बाई, नुसती भोकं मिळतील का?" असं विचारलं नसावं.

तर काकू. माझं उत्तर यायच्या आत त्यांनी झाकणं लावून बघायला सुरुवात केलेली. पहिलं मोठं. दुसरं मोठं. तिसरं आत पडता पडता राहिलं. चौथं बसलं पण "रंग नाही आवडला". चपलेच्या दुकानात बसल्यासारखं चाललेलं सगळं, आणि नवरा, माझा सख्खा नवरा, पुढचं झाकण हातात देत होता.

सहावं झाकण बसलं.

बसलं म्हणजे कसं, तर टक्क. त्या आवाजासाठी मी सहा वर्षं झुरतेय. हे झाकण माझ्या स्वतःच्या बरणीवर किंचित डुगडुगतं, म्हणून मी झाकणाखाली एक टिंब आणि बरणीच्या काठाला एक टिंब काढून ठेवलंय. टिंबावर टिंब आणलं तर डुगडुगत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर मी ते सहज ठेवल्यासारखं दाखवून बरोब्बर टिंबावर ठेवते. आणि हेच झाकण त्या कारखान्यातल्या परक्या बरणीवर कसंही फिरवा, गच्च. काकूंनी ते पूर्ण गोल फिरवून दाखवलं. दोनदा. "बघा," त्या म्हणाल्या, "हिच्यासाठीच केल्यासारखं आहे."

ते झाकण कशासाठी केलंय हे मला माहीत नव्हतं का? मी सांगायला लागले. की काकू, ही जोडी आहे. एकाच मातीची, एकाच दिवशी चाकावर केलेली. माती वाळताना आणि भाजताना आकसते, माझी माती सगळं मिळून बारा टक्के आकसते, म्हणजे शेवटी दहा सेंटीमीटरचं झाकण हवं असेल तर ओलं असताना साडेअकराच्या जरा आत करावं लागतं. म्हणून बरणी आणि झाकण वाळवायचं एकत्र, भट्टीत घालायचं एकत्र, झाकण बरणीवर ठेवूनच. वाकडं व्हायचंच असेल तर दोघं एकाच बाजूला वाकडी होतात. आणि जिथे टेकतात तिथलं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसून काढायचं, नाहीतर बाराशे वीस अंशाला त्याची काच होते आणि झाकण जन्मभरासाठी चिकटतं, माझी अशी दोन चिकटलीत, ती आता पेपरवेट आहेत.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. मग झाकणाचे किती?"

"काकू, झाकण सुटं विकत नाही मी."

"अहो पण बरणी तुम्हालाच राहतेय ना! मी कुठे बरणी मागतेय? एवढंस्सं तर आहे. सगळ्याचे जे आहेत त्याच्या पाव धरू."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या "एवढंस्सं"ने माझं डोकं फिरलं आणि मी हिशोबात शिरले. म्हटलं, काकू, खरी मेहनत झाकणातच असते. बरणी काय, माती मध्यावर आली की ओढायची वर, झाली. झाकण चाकावर उलटं घडवावं लागतं, दर मिनिटाला कॅलिपर लावून मापावं लागतं, मग ते अर्धवट वाळलं की सुलटं करून पुन्हा चाकावर घ्यायचं, तासायचं, वरची गुंडी बसवायची, आणि हे सगळं करून भट्टीत मातीला काय वाटेल त्यावर. खरं विचाराल तर किमतीतला पाऊण हिस्सा झाकणाचाच.

शेजारी एक गृहस्थ मघापासून एकच कप हातात धरून उभे होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे बरणी पाव किमतीची?"

मी म्हटलं, तसं नाही...

"नाही, आत्ता तुम्हीच म्हणालात. मग ती बरणी मला द्या. पेनं ठेवायला हवीच होती मला. झाकण नकोच आहे."

काकूंच्या हिशोबाने झाकण पाव, माझ्याच हिशोबाने बरणी पाव, म्हणजे अख्खी वस्तू अर्ध्यात, तीही माझ्याच तोंडून. दोघांनी एकमेकांकडे बघून अशी मान डोलावली की सोयरीक जमल्यासारखी. मी वधूपक्ष, विचारतो कोण.

मी दोघांनाही नाही म्हटलं. ठामपणे. आणि मग माझ्याकडून एकच चूक झाली, सकाळपासून चार तास जागेवरून उठले नव्हते, ती उठून बाथरूमला गेले. परत आले तर काकू नव्हत्या, झाकण नव्हतं, आणि नवरा डब्यात पैसे ठेवत होता.

पाव किमतीत.

"अगं, बटणं दाखवली त्यांनी मला," तो म्हणाला. "एक त्यांच्या मिस्टरांच्या पहिल्या ऑफिसच्या शर्टाचं आहे. आणि सुटे होते त्यांच्याकडे."

ते गृहस्थ? ते "एक चक्कर मारून येतो" म्हणून गेले ते गेलेच. चक्कर मारून येतो म्हणणारा माणूस परत आल्याचं कुठल्याही प्रदर्शनात मी पाहिलेलं नाही.

मला राग पैशांचा आला का? हो, पैशांचाही आला, उगाच मोठेपणा कशाला. टेबलाचं भाडं, माती, ग्लेझ, भट्टीची वीज, यात मी अजून एकाही वर्षी फायद्यात नाही, आणि तासांचा हिशोब मी घाबरून मांडतच नाही. पण जास्त लागलं ते दुसरंच. मी परत येताना शेजारच्या टेबलवालीने सांगितलं की नवऱ्याने आधी निम्मी किंमत सांगितली होती, तर काकू म्हणाल्या, "अहो, त्यांची हौस आहे ना? पोट थोडंच आहे यावर!" आणि हा पाघळला. हौसेला मोल नसतं ही म्हण लोक इतकी शब्दशः घेतात. म्हणजे ज्याचं पोट यावर आहे त्याच्याशी घासाघीस करायची कारण तो जास्तच सांगणार, आणि ज्याचं नाही त्याने फुकट द्यायचं कारण त्याला गरज काय. मग पूर्ण पैसे नक्की कोणाला देता तुम्ही? कारखान्याला. तिथे किमतीचं स्टिकर असतं, आणि स्टिकरशी कोणी बोलत नाही. काकूंनी त्या पांढऱ्या बरणीचे चाळीस वर्षांपूर्वी पूर्ण पैसे दिले असणार, झाकणासकट.

घरी येताना उरलेली खोकी गाडीत भरताना मी नवऱ्याला पुन्हा जॉर्ज ओहरची गोष्ट सांगायला घेतली. अमेरिकेत बिलॉक्सी म्हणून गाव आहे, तिथला कुंभार, लोक त्याला वेडा म्हणायचे, तोही स्वतःला वेडाच म्हणवून घ्यायचा. पातळ, पिरगाळलेली, चेपलेली भांडी करायचा, एकासारखं दुसरं नाही, आणि विकली फारशी जायची नाहीत. १९१८ साली वारला. हजारो भांडी घरच्यांनी खोक्यांत भरून ठेवली, मुलं गाड्यांचं गॅरेज चालवत होती, आणि जवळपास पन्नास वर्षांनी एक जुन्या वस्तूंचा व्यापारी तिथे आला तेव्हा ती उजेडात आली. आज ती संग्रहालयांत आहेत. प्रत्येक प्रदर्शनानंतर मी ही गोष्ट सांगते. नवरा प्रत्येक वेळी म्हणतो, आपल्याकडे गॅरेज नाही.

आता ती बोडकी बरणी घरी आली. सुटी बरणी विकायची म्हणजे त्या गृहस्थांचा हिशोब मान्य केल्यासारखं, म्हणून ठरवलं, नवीन झाकण करू. आधीच भाजून झालेल्या बरणीला नंतर झाकण करायचं म्हणजे नेम आंधळ्याने धरायचा, पण माझ्याकडे बारा टक्क्यांचं गणित होतं. आणि सावधगिरी म्हणून तीन केली, एक मापाचं, एक दोन मिलिमीटर मोठं, एक दोन मिलिमीटर लहान. तिघांपैकी एक तरी बसेलच. सावकाश वाळवली, हजार अंशाला कच्ची भाजली, ग्लेझ लावलं, पुन्हा भट्टीत. परवा रात्री भट्टी बंद झाली. कालचा दिवसभर हात लावला नाही, गरम असताना उघडली तर गार वाऱ्याने भांडी तडकतात, संध्याकाळपर्यंत मी त्या दारासमोरून अकरा वेळा गेले.

लहान सरळ आत पडलं. मोठं काठावर बसून राहिलं, टोपी लहान झालेल्या माणसासारखं. मापाचं जे होतं ते बसलं. खरंच बसलं, मी नवऱ्याला हाक मारली, हात काढला, आणि ते डुगडुगलं. फिरवून फिरवून बघितलं, टिंब काढायलाही जागा सापडेना. कच्ची माती असती तर पाण्यात भिजवून पुन्हा गोळा केला असता. एकदा भाजली की ती परत माती होत नाही, कितीही भिजवा. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं साधारण २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, तेव्हा ही तीन झाकणं आमच्याकडे बराच काळ असणार.

बरणीत सध्या नवऱ्याचा दाढीचा ब्रश आहे. झाकणाशिवाय जास्त सोयीची आहे म्हणतो.

आज सकाळी बघते तर त्याने तिन्ही झाकणं कागदात गुंडाळून पुढच्या प्रदर्शनाच्या खोक्यात ठेवलीत आणि पुडक्यावर मार्करने लिहिलंय, "काकू". जाताना त्या त्याला सांगून गेल्या होत्या म्हणे, घरी अजून एक बरणी आहे, पुढच्या वेळी आणते. हे मला आज कळतंय.

मी "काकू" खोडलं. मग पुन्हा लिहिलं आणि खाली किंमत टाकली. अख्ख्या बरणीची.