उदात्तीकरण कुठं दिसलं, ते सांगा

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी मेसेज टाकला. माहेरच्या आणि भिशीच्या ग्रुपवरही तोच आलाय. म्हणणं असं: टीव्हीवाले लेस्बियन बायकांचं उदात्तीकरण करतात, त्यांच्या गोष्टीतून पुरुष हद्दपार केलाय, हे बघून मुली बिघडतील आणि संसार मोडतील.

आधी उदात्तीकरण. 'बफी' या अमेरिकन मालिकेत टारा आणि विलो या प्रेयसींचा दुरावा मिटतो न मिटतो तोच बफीवर झाडलेली गोळी लागून टारा मरते. साल २००२. २०१६ मध्ये 'द हंड्रेड'मधली लेक्सा प्रेयसीजवळून उठते आणि प्रेयसीवर झाडलेल्या गोळीनं मरते. 'एलन'च्या नायिकेनं १९९७ मध्ये आपण लेस्बियन असल्याचं सांगितलं. पुढं भागांआधी पालकांसाठी इशारा झळकू लागला आणि १९९८ मध्ये मालिका बंद पडली. याला गौरव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुरुष हद्दपार? 'फ्रेंड्स'मध्ये १९९६ साली कॅरल आणि सुझनचं लग्न लागलं. लग्न दोघींचं, पण जीव कुणाचा तुटतो ते दाखवलं? कॅरलच्या आधीच्या नवऱ्याचा, रॉसचा. तिचे आईवडील येत नाहीत म्हणून तोच तिला हाताला धरून नेतो. नवऱ्यामुलींनी एकमेकींचं चुंबन घेतलेलं मात्र दिसत नाही. पुष्कळदा तर दोघींपैकी एकीला केस कापून, शर्ट घालून जवळजवळ नवराच केलेलं असतं. बाई-पुरुषाचा साचा सोडायची तयारीच नाही.

मुली बघून बिघडतात म्हणावं, तर जवळजवळ सगळ्या मालिका नवरा-बायकोच्याच असताना या मुली आल्या कुठून?

राहिला संसार. मला इथंच सगळ्यात जास्त बोलायचंय. विडी घरकुलात, म्हणजे इथल्या विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, संध्याकाळी मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळतात, समोर मालिका चालू असते. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि मधेच मान वर करून म्हणायचं, "हिचं लग्न झालं की लागेल मार्गी." मालिकेनं दुसरी वाट कधी दाखवलीच नाही, तर मुलगी "मला पुरुष नको" म्हणाली की आई तरी दुसरं काय म्हणणार? घाईनं स्थळ बघतात. ती आतल्या आत झुरते. ज्याच्या गळ्यात तिला बांधली, त्या पोरालाही शेवटपर्यंत कळत नाही की बायको आपल्याशी परक्यासारखी का वागते. संसार असा मोडतो, काका.

आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तरी १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे दोघींना आपला संसार कागदावर मांडायचीही सोय नाही.

तुमच्या मेसेजात एकाही मालिकेचं नाव नाही. नाव सांगा, भाग सांगा. तो बघून मी ग्रुपवरच उत्तर देईन.