चोर आला तेव्हा बंदूक थान्यात होती

परवा भाच्याचा फोन आला. ग्वाल्हेरात थाटीपूरच्या पुढे नव्या कॉलनीत त्याने घर घेतलंय आणि दोन महिन्यांत त्याच्याच रांगेत दोन घरं फुटली. "मामा, लायसनचा अर्ज टाकतोय. बारा बोरची पंप ॲक्शन बंदूक घेतो, दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायची. गोळी झाडावीसुद्धा लागत नाही म्हणे, नुसता खचाक आवाज केला की चोर पळतो." हे कुठल्या तरी अमेरिकन यूट्यूबवाल्याचं ज्ञान. मी नुसतं हूं हूं केलं. माझ्याच घरात आजोबांपासूनची दुनाली, दोन नळ्यांची बंदूक, पडलेली असताना "घेऊ नकोस" कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून इथे लिहितोय. तो माझं सगळं वाचतो, फक्त लाइक करत नाही.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. तुमच्याकडे कट्ट्यावर लोक बसतात, आमच्याकडे कट्टा लोकांच्या कमरेला असतो. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात खांद्याला बंदूक लावून बँकेत आलेला माणूस बघून कोणी मान वळवत नाही. लायसनची हौस इतकी की 2008 साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी केली तर लायसन लवकर देऊ अशी योजना निघाली होती, आणि 2019 मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी आधी दहा झाडं लावा, त्यांच्यासोबत फोटो काढून आणा, मग अर्ज बघू असं सांगितलं. हसू नका. झाडं लागली.

आमच्या आजोबांकडे बंदूक आली त्याला कारण होतं. ते मध्यभारत सरकारच्या महसूल खात्यात होते, दौरे भिंडकडचे. तो डाकू मानसिंगाचा काळ. 1955 मध्ये मानसिंग मारला गेला तेव्हा आजोबांनी पेढे वाटले, पण बंदूक काही परत केली नाही. पुढे 1972 ला मुरैनाकडच्या जौऱ्यात जयप्रकाशजींसमोर बागी, म्हणजे डाकू, शरण आले, 1983 ला भिंडमध्ये फूलनदेवीने बंदूक खाली ठेवली. डाकू गेले, त्यांच्या भीतीने घेतलेल्या बंदुका मात्र घराघरांत राहिल्या. आमची ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, गोठीतल्या म्हणजे मोहल्ल्यातल्या वाड्यात, माजघरातल्या खुंटीवर. दसऱ्याला आजोबा ती उतरवायचे, सळईला चिंधी गुंडाळून नळ्या आतून पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि नळी उजेडाकडे धरून मला आत बघायला लावायचे. आत आरशासारखी चकचकीत वलयं दिसायची. त्या तेलाचा वास अजून नाकात आहे. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वर्षभर पुन्हा खुंटी. साठ वर्षांत तिने घराचं काय रक्षण केलं हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

मग आलं 2018. विधानसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहिता लागली की आमच्या भागात लायसनवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागतात, थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, नाहीतर डीलरकडे. मी रांगेत उभा राहून जमा केली, पावती घेतली. दिवाळी 7 नोव्हेंबरला होती, आणि भाऊबीज उलटल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री मागच्या अंगणाच्या भिंतीवरून चोर आले. आम्ही वरच्या मजल्यावर झोपलेलो. दोन समया, पितळी घंगाळ, आईने दिवाळीसाठी काढून ठेवलेल्या दोन बांगड्या आणि विहिरीवरची मोटर, एवढं गेलं. मोटर काढायला अर्धा तास तरी लागला असेल, म्हणजे घाईत नव्हते. सकाळी हवालदार आला, पंचनामा करताना खुंटीकडे बघून म्हणाला, "बंदूक नहीं रखते क्या?" मी पावती दाखवली. तोही हसला, मीही हसलो. आई हसली नाही.

डिसेंबरात बंदूक परत आली आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. आता खुंटीवर नाही, पलंगाशी. दोन्ही नळ्यांत काडतुसं, एलजीची, मोठ्या छर्ऱ्याची. लायसन घेताना ती सुरक्षित, कुलूपबंद ठेवीन असं लिहून दिलेलं असतं. पण कुलूपबंद बंदूक रात्री दोनला काय कामाची? किल्ली शोध, कपाट उघड, काडतुसं भर, तोवर चोर मोटर काढून गेलेला असतो. आणि भरलेली हाताशी ठेवली तर ती चोवीस तास भरलेली असते, चोर मात्र दहा वर्षांत एकदा येतो. उरलेल्या सगळ्या रात्री घरात आपलीच माणसं असतात, हे गणित मला तेव्हा दिसलं नाही.

जानेवारीतली रात्र, ग्वाल्हेरची थंडी, धुकं. खाली मागच्या दाराची कडी वाजली. मी उठलो, बंदूक घेतली, दिवा न लावता जिना उतरलो. दिवा लावला तर चोराला कळेल, हा शहाणपणा. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून दार सरळ दिसतं. दाराशी कोणीतरी घोंगडी पांघरून वाकलेलं. माझं बोट चापावर होतं, तेही दोन चापांपैकी कोणत्या, पुढच्या की मागच्या, आठवत नाही. तोंडाला इतकी कोरड पडली होती की "कोण आहे" हे दोन शब्द निघेनात. तेवढ्यात ती आकृती म्हणाली, "अरे, पाच वाजले ना? दूध आणायला जातो."

बाबा. त्यांना तेव्हा विस्मरण सुरू झालं होतं, रात्री-बेरात्री उठायचे. कडी बाहेरून नव्हे, आतून निघत होती. चोर आतून कडी काढत नाही, हे शांतपणे बसलेल्या माणसाला सुचतं. मला त्या पायरीवर सुचलं नाही. काडतुसं काढताना एक हातातून सुटून जिन्यावरून टणटणत खाली गेलं. बाबांनीच ते उचलून मला दिलं, आणि लहानपणी सांगायचे तेच सांगितलं, "नळी माणसाकडे करायची नाही."

बायकोला हे मी आजवर सांगितलेलं नाही. आता वाचेल.

त्यानंतर मी जरा अभ्यासाला लागलो. पहिली गोष्ट भाच्यासाठी: बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. दुसरी, आमच्या अख्ख्या गावाची समजूत की छर्रे फाकतात, म्हणून नेम धरावा लागत नाही, नुसती दिशा पुरते. ग्वाल्हेरजवळ डबऱ्याला एका नातलगाचं शेत आहे, त्याच्याकडे पीकरक्षणाचं लायसन आहे. त्याने बांधाला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टेकवला. आमच्या जिन्यापासून मागच्या दारापर्यंत चौदा फूट आहे, मी टेप लावून मोजलं होतं. चौदा फुटांवरून त्याने बार काढला. पुठ्ठ्याला पडलेलं भोक माझ्या मुठीत झाकलं गेलं. मग तीस पावलांवरून झाडली तेव्हा कुठे छर्रे परातीएवढे पसरले. म्हणजे घरातल्या अंतरात छर्ऱ्याची बंदूकही नेमच मागते, आणि नेम धरायला हात स्थिर लागतो. माझा त्या रात्री नव्हता.

आणि तो खचाक आवाज. पंप ॲक्शन भ्यालेल्या माणसाच्या हातात अर्धीच ओढली जाते आणि काडतूस अडकतं, हे त्या नातलगानेच करून दाखवलं, तेही न भिता. शिवाय आवाजाने चोर पळायचाच असेल तर भांडं आपटूनही पळतो.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथल्या वादात आपण पडू नये, पण परदेशातल्या दोन गोष्टी सांगतो. 2013 मध्ये बायडन, तेव्हा उपराष्ट्रपती, म्हणाले होते की घराला धोका वाटला तर बायकोने गॅलरीत येऊन शॉटगनचे दोन बार हवेत काढावे. त्यावर तिथल्याच लोकांनी त्यांना धारेवर धरलं, बऱ्याच ठिकाणी असा हवेतला बार हाच गुन्हा आहे म्हणून. त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेत धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने बाथरूमच्या बंद दारातून गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, असं त्याचं म्हणणं. आत त्याची मैत्रीण होती. कोर्टाने काय ठरवलं ते ठरवलं, मला तो बंद दरवाजाच दिसत राहतो, आणि आमची कडी.

भाच्या, कायदाही बघून ठेव. स्वसंरक्षणाचं पूर्वी दंडसंहितेच्या 96 ते 106 कलमांत होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहितेच्या 34 ते 44 मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कोणी घर फोडून आत आला तर स्वसंरक्षणाचा हक्क अगदी जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, हे खरं. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, ही अट त्याच्याच शेजारी बसलेली आहे. तो रिकाम्या हाताने भिंतीवरून उडी मारून गल्लीत पळाला की घरफोडी संपली. त्यानंतर पाठीत मारलेली गोळी तुझी. आणि गरज किती होती हे आधी थाना बघतो, मग सेशन कोर्ट, वर्षानुवर्षं. तोवर बंदूक पोलिसांच्या मालखान्यात आणि तू तारखांवर. आत आलेल्या पोराकडे एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणि पोतं निघालं तर बघ मग.

आम्ही पुढे काय केलं ते सांगतो, फार मोठं नाही. मागच्या भिंतीवर जाळी, अंगणाला चॅनल गेट, हालचाल झाली की लागणारा दिवा. बाबांसाठी कडी वर, हात पोचणार नाही इतकी वर. समोरच्या अग्रवालांशी ठरलं की कोणाकडेही खुट्ट झालं तर दोघांनी एकमेकांना फोन करायचा आणि गच्चीत येऊन ओरडायचं. गेल्या उन्हाळ्यात अग्रवालीण बाई ओरडल्या. सगळी गल्ली गच्चीवर. चोर होता की माकड हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण चहा चार घरांत झाला.

दुनाली आता कपाटात, रिकामी, काडतुसं वेगळ्या खोलीत. बाबा गेल्यावर ती माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर राहिली. मुलगा हैदराबादला, त्याला वारसा नकोय. नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यात, म्हणून गेल्या आठवड्यात पिशवीत घालून डीलरकडे घेऊन गेलो, विकत घेतोस का विचारायला. त्याने बंदूक मधून उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, आजोबांसारखंच एक डोळा मिटून आत बघितलं. माल चांगला जपलाय म्हणाला, पण जुन्या दुनालीला आता गिऱ्हाईक नाही, सगळ्यांना पंप हवी. मग बंदूक काउंटरवरून माझ्याकडे सरकवत म्हणाला,

"रख लो भाईसाहब, घर में शादी-ब्याह में काम आएगी।"

काउंटरच्या मागे भिंतीवर पाटी होती. हर्षफायर, म्हणजे लग्नाकार्यात आनंदाने बार, केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.