मानेवाड्याच्या काकूंना: शिट्ट्या, रिंगा आणि एक पितळी वॉल्व्ह

काकू, नमस्कार.

पहिल्यांदा कुकर वापरणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दुसऱ्या वेळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं पोळी लाटता लाटता "बरोबरच लिहिलंय की" म्हटलं आणि विषय संपवला. तेव्हा घरातून मला काही पाठिंबा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं इथं उतरवतो. "शिट्ट्या मोजू नका म्हणता, मग आमच्या सासूबाई चाळीस वर्षं काय मोजत होत्या? चाळीस रुपयाची रिंग भेटते तिथं कंपनीचीच घ्या म्हणून सांगून राहिले, कंपनी काही देते का तुम्हाले? आणि कुकर म्हणजे जसा काही बॉम्बच, असं लिहून पोरींना भेवाडता कायले? लिटर सांगितलं की दुकानदार बरोबर रिंग देतो, हे तुमचं वाचून इतवारीत गेली, तर दोन चकरा झाल्या." आणि शेवटी, जुन्या कुकरचं हँडल हलतं, ते मिळते का, अशी विचारणा. इतकं झाडून वर आपलं काम सांगायचं, हे नागपुरात मानेवाड्यालाच जमतं.

आधी इतवारी बाजाराच्या चकरा, कारण ती चूक निव्वळ माझी. "लिटर सांगा, रिंग मिळेल" हे मी लिहिलं होतं आणि ते चूक आहे. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन कुकरांना दोन वेगळ्या रिंगा लागू शकतात. एक उंच आणि अरुंद, एक पसरट हंडीसारखा. पाणी दोन्हींत पाच लिटरच मावतं, पण तोंड सारखं नसतं. आणि रिंग बसते तोंडाला, पोटाला नाही. लिहिताना डोळ्यांपुढे माझाच कुकर होता, दुसरं काय. लेख दुरुस्त केलाय. जुनी रिंग न्यायचीच, पण सोबत झाकणही न्यायचं, असं आता तिथं आहे. जुनी रिंग वापरून ताणली गेलेली असते. नुसती तिच्या मापानं नवी घेतली तर ती सैल निघते आणि कडेनं वाफ जातच राहते. शिवाय कुकरच्या बुडावर किंवा हँडलवर मॉडेल छापलेलं असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तुमची दुसरी चक्कर यातल्याच कशापायी तरी झाली असणार.

आता शिट्ट्या. सासूबाईंच्या तीन शिट्ट्या खऱ्याच होत्या, त्यात वाद नाही. पण त्या तिनांच्या मागे काय काय उभं होतं ते बघा. तोच कुकर, तीच शेगडी, तिचा तोच बर्नर, रोजची तेवढीच डाळ, ठरलेल्या दुकानातली. शिवाय आच कधी कमी करायची हे हाताला ठाऊक. हे सगळं मागे ठेवून नुसता "तीन" दुसऱ्याच्या हातात दिला, की त्याचा काही भरवसा राहत नाही.

हे मी स्वतः करून बसलोय. भाची गेल्या वर्षी नोकरीला हिंजवडीला गेली. तीन लिटरचा कुकर मीच घेऊन दिला. पहिल्याच रविवारी फोन, "मामा, वरणाला किती शिट्ट्या?" मी ठोकून दिलं, तीन. अर्ध्या तासानं फोटो आला. वर पिवळं पाणी, खाली डाळ, दाणा न् दाणा मोजून घ्यावा अशी. तिनं आच शेवटपर्यंत मोठी ठेवली होती. छोटा कुकर, मूठभर डाळ, शिट्ट्या एकामागून एक झाल्या आणि चार मिनिटांत खेळ आटोपला. माझ्याकडे त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतात, कारण पहिली झाली की मी आच बारीक करतो. मामाच्याही तीन, भाचीच्याही तीन. वरण एकाच घरी झालं.

शिट्टी होते म्हणजे आतला दाब ठरल्या मर्यादेला पोचतो, साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि नळीवरचं वजन उचलून जास्तीची वाफ निघून जाते. या दाबाखाली पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळतं. उघड्या पातेल्यात ते 100 च्या वर जात नाही. डाळ या 120 अंशांत किती वेळ राहिली, त्यावर ती शिजते. वाफ किती वेळा ओरडली, त्यावर नाही. उलट जितक्या जास्त शिट्ट्या तितका गॅस हवेत आणि आतलं पाणी कमी. म्हणून पहिली शिट्टी, मग आच बारीक, मग घड्याळ. कुकरच्या खोक्यातली पुस्तिका सापडली (आमची माळ्यावर आहे, कुठंतरी) तर बघा, तिच्यातही वेळ मिनिटांतच असते.

माझ्या पाच लिटरच्या कुकरात अर्धा तास भिजवलेली तुरीची डाळ थेट शिजवली तर आठ मिनिटं घेते, डब्यात ठेवली तर बारा-तेरा. तर्रीचे हरभरे रात्रभर भिजवून वीस. हे आकडेही तुमच्याकडे दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतील, आणि पाणी जड असेल तर कधी कधी उपयोगाचेच राहणार नाहीत. भाचीकडे मिनिटं लावूनही डाळ दोनदा हटून बसली, तेव्हा कळलं की तिच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं डाळीतलं पेक्टिन घट्ट होतं आणि दाणा फुटत नाही. चिंच किंवा टमाटर आधीच घातलं तरी दाणा असाच अडून बसतो, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. आता ती डाळीपुरतं फिल्टरचं पाणी वापरते आणि मला फोटो पाठवत नाही, म्हणजे ठीक चाललं असावं.

तुम्ही मात्र शिट्ट्याच मोजा, काकू. तुमचा कुकर तुम्हाला ओळखतो. माझा लेख होता ज्यांच्या कुकरची अजून खोक्यातली घडी मोडली नाही त्यांच्यासाठी.

भेवाडण्याचं म्हणाल, तर बॉम्ब हा शब्द माझा नाही. पण लेखात "सावध" आणि "काळजी" हे शब्द मी इतक्यांदा वापरले की वाचणारीला तो ऐकू आला असेल. ते कमी केलेत. नव्या माणसानं खरं तर थोडंच सांभाळायचं असतं. झाकणाची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायचं, रोज. हरभऱ्याचं एक साल तिच्यात अडकलं तरी पुरतं. कुकर गळ्यापर्यंत भरायचा नाही. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून ते पाण्यासकट निम्म्यापर्यंतच, बाकी काही असेल तर दोन-तृतीयांश. आणि उघडताना जोर लावायचा नाही. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, दाब असेतोवर ते आपणहून उघडतच नाही. पण बाहेरून फिरवायच्या झाकणाचं तसं नाही. तिथं शिट्टी हळूच उचलून बघायची. वाफ आली तर थांबायचं. आमची आजी तर वजन आधी ठेवायचीच नाही. नळीतून वाफेची सरळ धार निघाली की मग टोपी चढवायची. हे पाहून आम्ही हसायचो. आता मीही तेच करतो, कारण नळी मोकळी असल्याचा त्याहून सोपा पुरावा नाही.

आता कंपनी मला काय देते ते. काही देत नाही. मागच्या दिवाळीला कॅलेंडरसुद्धा नाही. रिंगेबाबत मात्र मी सरसकट लिहिलं, तिथं तुम्ही मला बरोबर पकडलं. आतलं झाकण असेल आणि रिंग मापाची, नरम, बिनचिरेची असेल, तर साधी रिंगही चालते. लवकर कडक होते, एवढंच. घ्यायचीच तर आयएसआयची खूण आणि 7466 हा आकडा शोधा, तो कुकरच्या रबरी रिंगांच्या मानकाचा क्रमांक आहे. अख्खा कुकर तर 2021 पासून आयएसआयच्या खुणेशिवाय विकताच येत नाही. पण दुकानात खिळ्याला टांगलेल्या रिंगांच्या झुबक्यात ती खूण मला तरी क्वचितच दिसली.

बाहेरच्या झाकणाच्या कुकरात मात्र मी तुमच्याशी भांडीन. त्या झाकणाच्या काठाला एक खाच असते, पाहिलीय का? नळी चोंदली आणि दाब वाढत गेला, तर रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ तिथून सुटते. म्हणजे तिथं रिंग नुसती वाफ अडवायला नसते, वेळ आली तर वाट करून द्यायलाही असते. जाडजूड, कडक रिंग घातली तर ती त्या खाचेतून निघेल का, हे ती विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथं चाळीस रुपये वाचवू नका.

आणि सेफ्टी वॉल्व्ह, झाकणावरचा तो छोटा पितळी तुकडा, कुठल्याच कुकरात कंपनीचा सोडून दुसरा घ्यायचा नाही. याचं कारण तत्त्व नाही, माझा स्वतःचा कुकर आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जुना वॉल्व्ह गळायला लागला म्हणून जवळच्याच एका दुकानातून नवा आणला. दिसायला तंतोतंत. दोन महिने कुकर छान चालला, कारण वॉल्व्हला दोन महिन्यांत काही कामच पडलं नाही. मग एका रविवारी तर्रीसाठी हरभरे लावले आणि बहिणीचा फोन आला. आमच्या बहिणीचा फोन म्हणजे काय, ते ज्यांना बहिणी आहेत त्यांना सांगायला नको. बोलता बोलता लक्षात आलं की बऱ्याच वेळात शिट्टी नाही. मला वाटलं, पोरानं गॅस बंद केला असेल. पाणी संपलेला कुकर ओरडत नाही, काकू. वाफच नाही तर ओरडणार कशानं? मग रबर जळल्याचा वास आला.

स्फोट वगैरे काही झाला नाही. रिंग झाकणाला डांबरासारखी चिकटली, हरभऱ्यांचा कोळसा झाला आणि बूड बाहेर फुगलं, इतकं की तो कुकर ओट्यावर ठेवला की भोवऱ्यासारखा डुलतो. वॉल्व्ह मात्र जसाच्या तसा, चकचकीत.

तो घेऊन मी इतवारीत गेलो, भांड्यांच्या दुकानांत सुटे भाग विकणाऱ्या एका म्हाताऱ्या भाऊंकडे. त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून कंपनीचा वॉल्व्ह काढला आणि दोन्ही काचेवर शेजारी शेजारी पालथे ठेवले. कंपनीच्या वॉल्व्हच्या मधोमध राखाडी ठिपका होता, मळकट चांदीसारखा. तो कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. पाणी संपून कुकर तापला, की तो वितळून भोक मोकळं होतं. माझ्या वॉल्व्हमध्ये ठिपका नव्हता. आरपार सलग पितळ. भाऊंनी नखानं त्यावर टिचकी मारली, "याच्यात जीवच नाही जी. हा नुसता बूच आहे."

रिंग खराब असली तर रोज दिसते, वाफ गळते, शिट्टी होत नाही, हँडलखालून पाणी टपकतं. वॉल्व्ह खोटा असला तर रोज काहीच दिसत नाही. म्हणून तो सीलबंद पाकिटातलाच घ्यायचा, मॉडेल सांगून, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. आणि तो एकदा उडाला की तापवून, एम-सील लावून परत बसवायचा नाही. हसू नका, मी पाहिलंय.

राहिलं हँडल. आधी स्क्रू आवळून बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. पण फार पिळू नका, बॅकेलाइट तडकतं. स्क्रू नुसताच फिरत राहत असेल तर भोक मोठं झालंय, नवं हँडल घ्या. ते बहुतेक मॉडेलांचं मिळतं, दारावर येणाऱ्या कुकर-शेगडीवाल्याकडेही असतं. मात्र हँडल काढल्यावर भांड्याला जोडलेली लोखंडी पट्टीच हलताना दिसली, तर नव्या हँडलानं काही होणार नाही. आणि तुमचा कुकर बाहेरच्या झाकणाचा असेल तर खालचं-वरचं हँडल एकमेकांवर नीट येतं का ते आधी तपासा, कारण झाकण पूर्ण लागलं की नाही हे तिथं हँडलवरूनच कळतं.

हँडलचा आणि बुडाचा, दोन्हींचे फोटो इथं टाका. बघून सांगतो. तिसरी चक्कर माझ्यापायी नको.