बफिंग फुल स्पीडला? लाकडावर नको

‘२८८० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) मोटर घ्या, बफ चढवा, हलक्या हाताने धरा. वेग जास्त तेवढी चमक जास्त. आणि पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) असेल तर जळायची भीतीच नाही.’ लाकडाच्या पॉलिशवर बफ, म्हणजे चमक आणणारं कापडी चाक, मारण्याबद्दल हा सल्ला जोरात फिरतोय. त्यातलं एकेक वाक्य तपासू.

‘वेग जास्त तेवढी चमक जास्त.’ चमक येते ओरखडे बारीक होत गेल्याने. वॉटर पेपरचा जाड ओरखडा मागे राहिला असेल, तर बफ कितीही पळवा, तो ओरखडाच चकाकायला लागेल. वेगाने वाढते ती उष्णता. पितळ-स्टीलला ती चालते, कारण धातू उष्णता पटकन पसरवतो. लाकूड पसरवत नाही. सगळी धग वरच्या पातळ थरातच कोंडते. लाखेचं पॉलिश ८० अंशांच्या आतबाहेर मऊ पडतं, नायट्रोसेल्युलोज लॅकरही तापलं की नरमतं. मग बफ थर घासत नाही, ओढतो. कडेवर तर एका झटक्यात खालचं लाकूड उघडं पडतं. थोडी ऊब हवी हे मात्र खरं, चमकेसाठी लावायचं कार्नोबा मेण तिच्यामुळेच पसरतं. पण तेही ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे मेणाला पुरेल एवढी धग आणि लाखेला नको असलेली धग यांत फारसं अंतर नाही.

‘२८८० आरपीएम.’ चाक केवढं, हे सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. पाहायचा तो कडेचा वेग: व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम. २०० मिमीचा बफ १४४० वर मिनिटाला साधारण ९०५ मीटर धावतो, २८८० वर १,८१०. हा दुसरा आकडा म्हणजे तासाला १०८ किलोमीटर! बफने कड पकडून वस्तू हातातून हिसकावली, तर ती याच्या जवळपास वेगाने सुटू शकते. ११,००० आरपीएमच्या ग्राइंडरवर १०० मिमीचं पॅड लावणारेही आहेत; तिथे हिशेब मिनिटाला ३,४५० मीटरच्या घरात जातो. पॅडवर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो आधी वाचावा.

लाकडासाठी मी २०० मिमीचा बफ १४४० वरच चालवीन. २५० मिमीचा त्याच मोटरवर मिनिटाला १,१३० मीटरपर्यंत जातो, म्हणून लाख किंवा लॅकर असेल तर त्याला पुली बदलून खाली आणीन.

‘पीयूला भीती नाही.’ पूर्ण पिकलेलं टू-पॅक (दोन घटक मिसळून लावायचं) पीयू वितळत नाही, एवढंच खरं. तापलं की तेही नरमतं, आणखी तापलं की करपतं. वरून कोरडं पण आतून कच्चं असलं, तर त्याआधीच बफला चिकटतं.

‘हलका हात पुरे.’ दाबाएवढीच महत्त्वाची आहे काम धरायची जागा. चाक समोरून खाली फिरत असेल तर वस्तू मध्यरेषेच्या खाली धरायची, आणि बफ कडेवरून बाहेर निसटला पाहिजे, कडेत घुसता कामा नये. हातमोजे नकोत, ते चाकात ओढले जातात. गॉगल हवाच.

वेग जमलाय का, हे त्याच पॉलिशच्या टाकाऊ तुकड्यावर कळतं. पाचेक सेकंद बफ मारा, तुकडा चाकापासून दूर घ्या आणि बोट टेकवा. बोट सुखाने टेकून राहत नसेल, तर वेग उतरवा.