आमसुलाशिवाय सुरण आणि बाळाला मध: ‘थंडीचे सात नियम’ला उत्तर

जानेवारीतल्या एका दुपारी सुरणाची भाजी खाऊन आमच्या घरातली पाच माणसं घसा धरून बसली, तेव्हा मला कळलं की तो ‘थंडीचे सात नियम’वाला मेसेज आमच्याकडेही पोहोचलाय. सासूबाईंनी भाजीत आमसूल घातलंच नव्हतं. का, तर ‘थंडीत कोकम बंद’. हे कुणी सांगितलं? मोठ्या जाऊबाईंनी. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं.

पन्नास वर्षं अलिबाग तालुक्यात चूल सांभाळलेल्या बाईने फोनमधल्या सात ओळी वाचून सुरणातलं आमसूल काढावं, याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज तुम्हीही पाहिला असेल. ‘थंडीत स्वयंपाकघर हाच दवाखाना’ असं वर ठळक, खाली नमस्काराचे हात. पहिला नियम: कोकम आणि ओला नारळ थंड, म्हणून मार्गशीर्षापासून होळीपर्यंत बंद. दुसरा: वाल-पावटा वातूळ, तोही बंद. तिसरा: खोबरेल थंडीत थिजतं, तसंच ते रक्तातही थिजतं. चौथा: हळदीत मिरी घातली की हळदीची ताकद २००० टक्के वाढते, रोज एक पेला घ्या. पाचवा: रोज मोठा चमचाभर दालचिनी पूड, साखर आणि वजन दोन्ही उतरतात. सहावा: कांदा चिरून खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवा, तो विषाणू ओढून घेतो. सातवा: तान्ह्या बाळाला सर्दी होऊ नये म्हणून मधात अर्धं जायफळ उगाळून चाटवा, रात्रभर शांत झोपतं.

आधी कोकम, कारण घसा माझाही खवखवला होता.

सुरणात, अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. जिभेला आणि घशाला ते टोचतात, त्यालाच आपण खाजणं म्हणतो. म्हणून तर अळूच्या फदफद्यात चिंच आणि सुरणात आमसूल. आंबटात चांगलं शिजलं की खाज मरते. नुसती चव म्हणून आंबट घालायचं असतं तर लिंबू पिळूनही भागलं असतं, वरून. आपल्या आज्यांनी ते शिजतानाच घालायचं ठरवलं, यामागे कुणाच्या तरी सुजलेल्या जिभेचा अनुभव आहे. आणि सुरण, कोनफळ, करांदे, कणगर हे सगळे कंद आपल्याकडे थंडीतच निघतात. म्हणजे ज्या दिवसांत आमसुलाचं सगळ्यात मोठं काम, नेमकं त्याच दिवसांत ते बंद ठेवायचं!

दुसरं असं, की आमसूल बनतं एप्रिल-मेमध्ये. सालं काढायची, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, असं करत सुकवायची. एवढा खटाटोप वर्षभर पुरावं म्हणूनच करतात ना? होळीपर्यंत हात लावायचा नसेल तर ती बरणी ठेवायची कशाला, शोभेला? एवढं मात्र मान्य करते, की खोकला असताना फ्रीजमधली गार सोलकढी घशाला बरी वाटत नाही. पण तो दोष फ्रीजचा, कोकमाचा नव्हे. कोमट फुटी कढी (नारळाच्या दुधाशिवायची) प्या, कुणी अडवलंय?

वालावर फार वेळ घालवत नाही. वाल वातूळ आहे, हे खरं. त्यातल्या काही साखरा आपल्या आतड्यात पचत नाहीत, खाली मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू होतो. हे आपल्याला मेसेज येण्याआधीपासून ठाऊक आहे. म्हणूनच कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करतात, भिजवलेलं पाणी ओतून देतात आणि फोडणीत हिंग घालतात. पोपटीत, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांत, ओवा घालायला विसरलेला माणूस मी तरी रायगड जिल्ह्यात पाहिला नाही. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हा वाल येतो, जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात, आणि मग मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी नाहीतर मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. ना थेंबभर पाणी, ना तेल. ते बंद करा म्हणणाऱ्याने एकदा आमच्या शेतावर यावं. आल्यावर तो शेंगा मोजून खाईल असं वाटत नाही.

खोबरेलाचं उत्तर तर एका आकड्यात आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपलं अंग ३७ अंशांचं. मोरीतल्या फळीवरची बाटली पहाटे गोठते म्हणून रक्त गोठत नाही, आणि खाल्लेलं तेल बाटलीतून निघाल्यासारखं शिरांत जातही नाही, आधी पचतं. (तूपही असंच गोठतं, पण तुपाला कुणी काही म्हणत नाही. का ते मला विचारू नका.) अर्धसत्य आहे ते एवढंच, की खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ते खाण्याविरुद्धच सल्ला दिलेला आहे. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, म्हणून आम्हीही वाटणात खोबरं कमी केलंय. पण ते बारा महिने. थंडीचा त्याच्याशी संबंध नाही.

हळद-मिरीचा आकडा हवेतला नाही, हे नाइलाजाने सांगावं लागतंय. बंगळूरमध्ये हा अभ्यास झाला होता, १९९८ मध्ये तो छापून आला, आणि मिरीतल्या पायपरिनमुळे हळदीतलं करक्युमिन रक्तात उतरण्याचं प्रमाण माणसांत २००० टक्क्यांनी वाढलं असं त्यात आहे. आता पुढचं, जे मेसेजमध्ये नाही. त्या लोकांना हळद दिलीच नव्हती. दोन ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं होतं. आपल्या डब्यातल्या हळदीत करक्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी साठ-पासष्ट ग्रॅम हळद एका वेळी पोटात जायला हवी. आणि नुसतं करक्युमिन रक्तात इतकं कमी उतरतं, की त्याची वीस पट वाढ होऊनही हाती फार काही लागत नाही. दूध-हळद प्या, घशाला बरं वाटतं, मीही पिते. थंडीत बाजारात ओली हळद येते, तिचं लिंबू-आलं घालून लोणचं घाला. मिरीही घाला. फक्त २००० टक्के मोजत बसू नका.

दालचिनीबद्दल थोडं सावध करते. बाजारात स्वस्तात मिळणारी जाड, टणक सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅशिया असते आणि तिच्यात कूमरिन नावाचा पदार्थ बराच असतो, तो जास्त झाला तर यकृताला त्रास देऊ शकतो. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हिशेब असा, की ६० किलोच्या माणसाने कॅशिया रोज खायची तर दोन ग्रॅमपर्यंत. मोठा चमचा भरून पूड सात-आठ ग्रॅम होते. परसात खरी दालचिनी असेल, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये काढलेल्या ‘कोकण तेज’सारखी, तर तिची साल पातळ, चुरचुरीत असते आणि कूमरिन अगदी कमी. तरी ती मसाल्यात घाला. चमच्याने खायची वस्तू नाही ती. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून तर नाहीच नाही.

आता कांदा. सुरण खाऊन झाल्यावर मी पाणी प्यायला माजघरात गेले, तर कोपऱ्यात बशी. बशीत अर्धा कांदा. चारी कोपऱ्यांत चार बशा. आणि कांदे कुठले? पांढरे. गेल्या उन्हाळ्यात घेतलेल्या माळेतले शेवटचे, मी कोशिंबिरीसाठी जपून ठेवलेले. अलिबागच्या ज्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या माळेसाठी उन्हाळ्यात मुंबईची माणसं गाडी थांबवून घासाघीस करतात, तो आमच्या घरात बशीत वाळत पडला होता.

विषाणूला पाय नसतात. तो माणसाच्या शिंकेच्या, खोकल्याच्या थेंबांतून येतो आणि वाढतो जिवंत पेशीत. कांदा ना श्वास ओढून हवा आत घेतो, ना वासाने विषाणूंना बोलावतो. सकाळी कांदा काळा पडतो तो हवा लागून, सुकून. जास्त दिवस ठेवला तर बुरशी धरून. त्याच मेसेजचं पुढचं वाक्य म्हणे, ‘म्हणूनच चिरलेला कांदा दुसऱ्या दिवशी विष होतो’. झाकून फ्रीजमध्ये ठेवलेला कांदा दुसऱ्या दिवशी फोडणीत घातला तर विष-बिष काही होत नाही, फक्त सगळ्या फ्रीजला वास लागतो. कांद्याने विषाणू ओढले असते तर कांद्याच्या वखारीत काम करणाऱ्यांना पडसं माहीतच नसतं.

इथपर्यंत मी चिडले होते, पण हसतही होते. सातव्या नियमाशी हसणं थांबलं, कारण नणंदेची मुलगी चार महिन्यांचं बाळ घेऊन आलेली आहे आणि सहाण धुऊन ओट्यावर काढून ठेवलेली होती. बाजूला मधाची बाटली.

एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत बाळाला मध द्यायचा नाही. बोटावर घेऊनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोट्युलिझम या आजारावरच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि हे सगळं वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना जम बसवता येत नाही, कारण तिथे आधीच इतर जिवाणूंची वस्ती असते. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून झालेली नसते. तिथे ते उगवतात आणि विष तयार करतात. सुरुवात बद्धकोष्ठाने होते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मग बाळ नीट चोखत नाही, रडणं बारीक होतं, मान पडते, अंग ढिलं पडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू साथ देत नाहीत. हा आजार तान्ह्या मुलांत होतो हे १९७६ मध्ये ओळखलं गेलं. त्याआधीही होतच असणार, फक्त त्याला नाव नव्हतं.

“अगं, आम्ही सगळ्या मुलांना चाटवला. तुझ्या नवऱ्यालाही. काय झालं त्याला?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांना काही झालं नाही, हे खरंच आहे. प्रत्येक मधात बीजाणू नसतात आणि असले तरी प्रत्येक बाळाला आजार होत नाही. पण त्या काळी वाडीत जी मुलं ‘दूधच घेईना’ म्हणून गेली, त्यांचं कारण कुणी लिहून ठेवलं? मी एवढंच म्हणाले, “आई, तुमच्या आत्याचं दोन महिन्यांचं मूल कशाने गेलं होतं?” त्यावर त्या गप्प झाल्या. कशाने गेलं ते मलाही ठाऊक नाही, त्यांनाही नाही, आणि असं विचारणं बरं नव्हतं हे मला कळतं. पण सहाण उचलली गेली.

मध शुद्ध आहे, जंगलातला आहे, ओळखीच्या माणसाकडून आणलाय, याने काहीही फरक पडत नाही. उकळूनही नाही, ते बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. आणि चार महिन्यांच्या बाळाला तसंही आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नाही.

जायफळाचंही सांगते. गुटीत एक-दोन वेढे उगाळायची चाल जुनी आहे, पण ‘अर्धं जायफळ’ म्हणजे वेढा नव्हे. एक जायफळ पाच-सात ग्रॅमचं असतं आणि पाच ग्रॅमच्या आसपास पूड पोटात गेली तर धडधाकट माणसालाही उलट्या, छातीत धडधड, भास होऊ शकतात. पाच-सहा किलोच्या जिवाला त्याच्या निम्मं? ते बाळ रात्रभर ‘शांत’ झोपेल ते गुंगीने. श्रीखंडात घाला जायफळ, पुरणात घाला.

जाऊबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी कुठे लिहिलंय, मी फक्त पुढे पाठवलं.” सातवा नियम ज्या ज्या घरी त्यांनी पाठवला, तिथे तिथे फोन करायला सांगितलंय. भजनी मंडळातल्या दोघींच्या घरी तान्ही मुलं आहेत. दोघींना त्यांनी केला, माझ्यासमोर.

उरलेली सुरणाची भाजी टाकून द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सहा आमसुलं घालून त्यांनी ती पुन्हा उकळत ठेवली, थोडा गूळ घातला, वरून लसणाची फोडणी दिली. चव छान झाली होती. सासऱ्यांनी मात्र पहिला घास मला खायला लावला आणि पाच मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत बसले.